तारेवरून उडी

रविवार, १४ ऑक्टोबर १९७३, सोलापूर

आज तिसऱ्यांदा सेटलमेंटात जाऊन आलो. पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. गडकिल्ल्यांवरच्या माझ्या दोन किशोर कादंबऱ्या त्यांनी छापल्या, त्या खपल्याही. आता त्यांना "समाजाने झिडकारलेल्यांमधला नायक" हवा आहे. मी लगेच होकार कळवला. इतिहासाच्या मास्तराला, त्यातून सोलापूरच्या, लांब जायचं कारणच काय? इंग्रजांनी पारधी, कैकाडी, भामटे यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून ज्या तारेच्या कुंपणात कोंडलं, ती जागा माझ्या शाळेपासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. तार निघून एकवीस वर्षं झाली. माणसं तिथंच आहेत.

रंभाबाई काळे, पारधीण, साठीच्या पुढची. कुंपणाच्या आत जन्मली. आज ती बापाबद्दल बोलली. तेव्हा ती सात वर्षांची होती.

"भाऊ माजा तापानं फनफनला हुता. बा दवा आनाया गेला आन हजेरीला उशीर झाला. जमादारानं समद्यास्नी रांगंत हुबं केलं. बाला मदी पाडला. पट्ट्यानं मारलं. पट्टा तुटला तवा बुटानं मारलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बा उटलाच न्हाई. पर हजेरी पुरी झाल्याबिगर कुनाला हालू दिलं न्हाई. बाचं बी नाव पुकारलं. गैरहजर म्हून लिवलं."

सांगताना ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. माझे मात्र डोळे भरून आले. असा ऐवज दहा वर्षांत हाती लागला नव्हता.

अडचण एकच. नायक पाचव्या प्रकरणात नुसता मार खाऊन मरतो, यातून मुलांनी काय घ्यायचं? त्याने काहीतरी करायला हवं.

शनिवार, २० ऑक्टोबर

जमलं. नायक मार खात नाही. जमादाराचा पट्टा हिसकावतो, धावत जाऊन तारेवरून उडी मारतो आणि पसार होतो. मग धनिकांची घरं फोडून गरिबांना वाटतो. कौलं काढून घरात उतरतो तेव्हा मांजरालाही चाहूल लागत नाही. एक वाक्य तर फार छान उतरलं: "त्याला कुठलंही कुंपण अडवू शकत नव्हतं आणि कुठलीही कडी आवरू शकत नव्हती."

गिरिजाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण त्या बाईंचे वडील चोर नव्हते ना?"

म्हटलं, यालाच कल्पनाशक्ती म्हणतात. बायको सातवीपर्यंत शिकलेली. तिच्याशी यावर काय बोलणार?

रविवार, २८ ऑक्टोबर, गावी

दिवाळीला वैरागजवळ आमच्या गावी आलोय. काल अंगणात सगळ्यांना तेच प्रकरण वाचून दाखवलं. थोरला भाऊ चनमल्लप्पा, म्हणजे आमचा अण्णा, वहिनी, आमची आई अव्वा, शिवाय शेजारपाजारची पंचवीसेक माणसं. कौलं काढण्याचा भाग आला तेव्हा सगळे श्वास रोखून ऐकत होते. इतकी दाद मला सोलापुरातही मिळाली नव्हती.

अव्वाने विचारलं, "हे खरं हाय का रं, सिद्धा?"

"खऱ्या माणसावरून आहे," मी म्हणालो. कोणत्या माणसावरून तेही सांगून टाकलं. रंभाबाईचं नाव, तिच्या बापाचं, सगळंच. लोकांना खरी नावं आवडतात.

एक सत्कार्यही उरकलं. रंभाबाईचा मुलगा हिंदुराव कामाच्या शोधात आहे. अण्णाला जोंधळ्याच्या राखणीला माणूस हवाच होता. अण्णा आधी कुरकुरला. मी म्हणालो, "पारध्याइतका तिखट कानाचा राखणदार तुला मिळायचा नाही." तो हसला आणि हो म्हणाला. प्रत त्याने ठेवून घेतली आहे, पुन्हा वाचायला.

रविवार, २ डिसेंबर, सोलापूर

अण्णाचं पत्र आलं. हिंदुरावचं काम चोख आहे म्हणतो. तो आणि त्याची बायको गोजर मळ्यातल्या कोपीत राहतात. रात्रभर जागून रानडुकरं हाकलतो. एकच वाक्य जरा खटकलं: "गावातली माणसं विचारतात, त्याचाच आजा का रे तो, कौलं काढणारा?"

खटकलं म्हणजे काय, थोडा आनंदही झाला. गोष्ट लोकांच्या तोंडी रुळली.

सोमवार, १४ जानेवारी १९७४

संक्रांत. शाळेला सुट्टी. शहरात सिद्धेश्वरांच्या यात्रेची तोबा गर्दी. साडेअकराच्या सुमारास हिंदुराव दारात उभा. अण्णाने हुरडा आणि तीळ पाठवले होते. म्हणाला, "मालक म्हनलं, गरम हाय तवर पोचव. गावात कुनीबी न्हाई, मास्तर. समदं गाव हितं जत्रंला."

पायरीवर बसला. गिरिजाने त्याला खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत चहा दिला, पोळ्याही दिल्या. मी त्याला पुढची प्रकरणं वाचून दाखवली. मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, आज्जा तर पळालाच न्हवता." मी समजावलं. अडीचच्या गाडीने परत गेला.

बुधवार, १६ जानेवारी

लिहवत नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

लिहायला हवं, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी नऊला रंभाबाई आणि गोजर घरी आल्या. गोजरच्या पायांत चप्पल नव्हती आणि कानाजवळ रक्त वाळलं होतं. पहिल्या एस.टी.ने आली होती. संक्रांतीच्या दिवशी दुपारी बाराला, गाव यात्रेला गेलेलं असताना, शेजारच्या मळ्यात राहणाऱ्या कोंडीबा आणि त्याच्या म्हातारीला कुणीतरी बेदम मारहाण केली. म्हातारीच्या कानाच्या पाळ्या तोडून सोनं नेलं. तोंडाला फडकी बांधलेली दोन माणसं होती. गावाने काल उजाडताच हिंदुरावला कोपीतून ओढत नेलं.

"मास्तर, त्यो तर तुमच्याकडं हुता की!" गोजर म्हणाली.

"मी जातो," मी म्हणालो. दोघींना घरीच थांबायला सांगितलं. तिथे बायकांचं काम नव्हतं.

सव्वाबाराला पोचलो. देवळासमोरच्या लिंबाला त्याला उभा बांधला होता. पन्नास-साठ माणसं. त्यातली किती तरी मी ओळखत होतो. एकाला मी लहानपणी पोहायला शिकवलं आहे. हिंदुरावचा डावा डोळा बंद होता. हाताची बोटं नको तिकडे वळली होती. कुणी नांगराचा दोर, कुणी बाभळीची काठी, कुणी पायातलं पायताण घेऊन पुढे येत होतं, मारत होतं, बाजूला होत होतं. रागाने ओरडणारे थोडेच. बाकीचे पाळी असल्यासारखे येत होते. मारून झालं की एक जण धोतराने घाम पुसायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा.

आणि एक तरणा माणूस ओरडत होता, "ह्येला कुठलंबी कुंपण आडवत न्हाई, कुठलीबी कडी आवरत न्हाई! रक्तातच हाय ह्येंच्या!"

हिंदुरावने मला पाहिलं. तोंडातून रक्त येत होतं तरी शब्द स्पष्ट होते.

"मास्तर, सांगा की यास्नी. मी तुमच्या घरी हुतो की."

मी सांगितलं. पण त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही.

पोलीस तीनला आले. तोवर तो दोरात लोंबकळत होता. सोलापूरच्या दवाखान्यात त्याला पोलिसांच्याच गाडीने आणलं. अण्णाशी बोललो. त्याचा उजवा हात मनगटापासून सुजला होता. बैलाने दाबला म्हणाला.

शनिवार, १९ जानेवारी

हिंदुराव पहाटे गेला. शुद्धीवर आलाच नाही.

दवाखान्याच्या आवारात गोजर जमिनीवर डोकं आपटत होती. चार बायकांना आवरेना. रंभाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "तुमी गेला हुता न्हवं, मास्तर?"

"मी सांगितलं त्यांना. कुणी ऐकलं नाही."

तिने मान हलवली. "आसंच आसतंय," म्हणाली. माझा हात हातात घेऊन थोपटला. त्या हाताने रात्री मला जेवता आलं नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

फौजदार घरी येऊन गेले. मी जबाब दिला: पोचलो तेव्हा मारहाण थांबली होती, मारणारे ओळखू आले नाहीत. हिंदुराव संक्रांतीला माझ्याकडे होता का, असं त्यांनी विचारलंच नाही. मीही आपण होऊन बोललो नाही. ते गेल्यावर तासाभराने अण्णा आला. जणू वाटच बघत होता.

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. तुला हितं नोकरी हाय. मला त्याच गावात ऱ्हायाचं हाय. मी त्याला कामावर ठिवला हुता, सिद्धा. माझ्यावर उलटलं असतं गाव. घर जाळलं असतं माझं."

"पण अण्णा, संक्रांतीला तूच त्याला माझ्याकडे पाठवलं होतंस."

अण्णाने हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू लिवलं नसतंस तर गावाला त्याचं नाव सुचलं बी नसतं."

हे त्याचं बोलणं अन्यायाचं आहे. मी पारध्यांच्या बाजूनेच लिहीत होतो. सगळं पुस्तकच त्यांच्या बाजूचं आहे.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

गिरिजा चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "तो साडेअकराला आला, अडीचला गेला. मी त्याला चहा दिला. तुम्ही फौजदारांना सांगणार नसाल तर मी जाऊन सांगते. मला सही करता येते."

"गिरिजा, अण्णा माझा सख्खा भाऊ आहे."

"अण्णांचं नाव मी घेतलं का?" ती म्हणाली. "मी फक्त चहाचं सांगणार होते. अण्णांचं तुम्ही आता सांगितलंत."

रविवार, ३ फेब्रुवारी

१७ तारखेला लिहिलं आहे की मी सांगितलं आणि कुणाला ऐकू गेलं नाही. ते खोटं आहे. मी तोंडही उघडलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा हिंदुराव शुद्धीत होता. त्याने मला हाक मारताच सगळी माणसं थांबली. गोंगाट नव्हता. लिंबावरचे कावळे ऐकू येत होते इतकं शांत झालं. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. अण्णा पुढे झाला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून तो हलक्या आवाजात म्हणाला, "गप ऱ्हा." मग वळला आणि त्याने हिंदुरावच्या तोंडावर दांडा घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दांडा निसटला आणि खोडावर त्याचा स्वतःचाच हात आपटला. बैलाने दाबला नव्हता. दात पडले ते मी मातीत पाहिले.

त्यानंतर हिंदुराव माझ्याकडे बघत राहिला, पण पुन्हा काही म्हणाला नाही. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं, "हा माझ्या घरी होता." चार शब्द. मी भाषणाची बक्षिसं मिळवलेला माणूस आहे.

मी भ्यालो. मला कुणी मारेल म्हणून नव्हे. त्या सगळ्यांसमोर मी पारध्याचा माणूस ठरेन म्हणून.

सोमवार, ४ फेब्रुवारी

सकाळी गिरिजाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. दुसरा जबाब दिला. अण्णाचं नाव दिलं, ओळखीच्या सहा जणांचीही नावं दिली. फौजदार म्हणाले, "मास्तर, पुन्हा विचार करा. घरातलं आहे." मी ही वही पुढे ठेवली. संक्रांतीचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग १७ तारखेचं, मग कालचं. माझ्याकडे बघितलं आणि कागद ओढला.

तिथून सेटलमेंटात गेलो. रंभाबाईला सगळं सांगितलं: दिवाळीतलं वाचन, लिंबाखालचं, माझं गप्प राहणं. गोजर ऐकताऐकता उठली, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन माझ्या अंगावर धावली. खांद्यावर चटका बसला. रंभाबाईने तिला धरलं, पण मला वाचवायला नव्हे. "ह्येला मारून तुला तुरुंगात जायाचं हाय का?" म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"मारनारे मारत्यातच, मास्तर. त्येंचं मला नवल न्हाई. तुमी कशाला गेला हुता?"

ती माझ्या पायाजवळ थुंकली आणि आत गेली.

मंगळवार, १२ मार्च

खरे चोर सापडले. कोंडीबाचेच दोन पुतणे, गावातल्या खात्यापित्या घरचे. बार्शीला सोनं मोडायला गेले आणि धरले गेले. सोळा तारखेला लिंबाखाली ते दोघेही होते. एकाने दोनदा पाळी घेतली होती.

प्रकाशकांना कळवलं की कादंबरी छापू नये. त्यांचं उलट टपाली पत्र आलं: तारेवरच्या उडीचं प्रकरण अप्रतिम आहे, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. मी हस्तलिखित परत मागवलं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी १९७५

कोर्टात माझी साक्ष झाली. अण्णा आरोपीच्या पिंजऱ्यात, खाली बघत. त्याच्या वकिलाने गावी राहिलेली प्रत काढली आणि कौलांचा उतारा भर कोर्टात वाचला.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"मयताचा आजोबा अट्टल दरोडेखोर होता, असं तुम्हीच गावाला सांगितलंत?"

"हो. ते खोटं होतं. तो औषध आणायला गेला होता."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता. पोलिसांना पहिला जबाबही खोटाच दिलात. मग आज खरं बोलताय हे कोर्टाने का मानावं?"

मी म्हणालो, "मानू नका. माझ्या बायकोला विचारा."

मागे कुणीतरी हसलं. गिरिजाची साक्ष दुपारी झाली. पदर खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि घड्याळात पाहून सांगावं तसं सगळं सांगितलं. तो कधी आला, काय खाल्लं, कुठे बसला. वकिलाने विचारलं, "घरात का नाही बसवलंत?" तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "नाही बसवलं. चूक झाली."

शुक्रवार, २१ मार्च

निकाल लागला. अण्णाला आणि तिघांना पाच वर्षं सक्तमजुरी. बाकीचे पुराव्याअभावी सुटले. पोलिसांच्या गाडीत चढताना अण्णा माझ्याजवळून गेला. लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हा त्यानेच उडी मारून मला काढलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

रंभाबाई आणि गोजर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी निकालातला एक परिच्छेद मराठीत उतरवून घेतला होता. तो वाचून दाखवला: मयत हिंदुराव हा चोरीच्या वेळी सोलापुरात होता, त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता.

"पुन्ना वाचा," रंभाबाई म्हणाली. वाचलं. गोजर तोंडात पदर कोंबून रडत होती.

"हितं वाचून काय उपेग?" रंभाबाई म्हणाली. "हितं समद्यास्नी म्हाईतच हाय. गावात जाऊन वाचा. त्याच लिंबाखाली."

"ते मला मारतील, रंभाबाई."

"मारत्याल," ती म्हणाली आणि उठली.

रविवार, २३ मार्च

सकाळच्या गाडीने गेलो. गिरिजा येते म्हणाली. मी नको म्हणालो, तरी आली.

लिंबाखाली दहा-बारा माणसं बसली होती. मला बघून बोलणं थांबलं. मी कागद काढला आणि वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला एक जण उठून समोर आला. त्याने माझी गचांडी धरली आणि म्हणाला, "भावाला खाल्लंस, आता गावाला खायाला आलास?" त्याने मला ढकललं. मी पडलो. कुणीतरी कमरेत लाथ घातली. दगड आला तो कपाळाला लागला. गिरिजा मध्ये पडली, तिला बाजूला लोटलं. ओठांवर रक्ताची चव आली आणि कागद मातीत गेला.

तेवढ्यात सगळे मागे सरले. आमच्या घराकडून अव्वा येत होती. सत्तरीची, काठी टेकत. वहिनी मागे होती, पण वळणावरच थांबली. अव्वा थेट माझ्यासमोर आली. गिरिजाने मला उठवून उभं केलं होतं.

अव्वाने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. एकदा. मग पुन्हा, आणखी जोरात. म्हातारीच्या हातात एवढी ताकद कुठून आली कळलं नाही. कुणी हललं नाही. तिला धाप लागली होती.

मग ती वाकली. मातीतला कागद उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. पाराच्या कठड्याला धरून हळूहळू खाली बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"वाच," म्हणाली.

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. माणसं एकेक करून उठून गेली. अव्वा शेवटपर्यंत बसली होती.